आधी पाठ, मग चेहरा

मुलांच्या हातात माती दिली आणि "यातून एक गोष्ट सांगा" म्हटलं की बहुतेक मुलं आधी डोळे करतात. दोन बारीक गोळ्या चिकटवतात, खाली हसरी रेघ मारतात आणि मग त्या चेहऱ्याला शोभेल असं अंग जुळवायला लागतात. बाहुली तयार होते, पण नुसती उभी असते. समोर बघत, दोन्ही हात अंगाला चिकटवून. तिला काय हवंय, कशाची भीती वाटतेय, ती कुठून आलीय, यातलं काहीच तिच्या अंगात उतरलेलं नसतं. मग मूल तोंडाने सांगू लागतं, "हा राजा आहे आणि त्याला खूप राग आलाय." राग मातीत दिसत नसतो, म्हणून तो सांगावा लागतो.

म्हणून माझ्या वर्गात सुरुवातीला चेहरा करायचा नाही, असा नियम आहे. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. डोकं म्हणजे मानेवरचा एक उंचवटा, बस्स. मुलं कुरकुरतात, पण हा नियम मी सोडत नाही. मातीतली गोष्ट पाठीच्या बाकात, मानेच्या वळणात, गुडघ्यात आणि दोन आकृत्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असते. चेहरा आधी आला की मुलांचं सगळं लक्ष तो खाऊन टाकतो. पुढे जे लिहिलंय ते साधारण आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून. मोठ्यांच्या वर्गातही मी हेच करते, फक्त बोलते कमी.

'तेवढ्यात' म्हणून थांबायचं

शिल्पाला "आणि मग" म्हणता येत नाही. त्याच्याकडे एकच क्षण असतो. त्यामुळे पहिलं काम मातीचं नसतं, क्षण निवडण्याचं असतं.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून मी तिथूनच सुरू करते. "यातलं काय कराल?" असं विचारलं की जवळजवळ सगळे म्हणतात, कावळा पाणी पितोय ते. मग मी विचारते, "पाणी पिऊन झाल्यावर काय होतं?" काहीच होत नाही, तो उडून जातो. म्हणजे तुम्ही निवडलेल्या क्षणात गोष्ट संपलेली आहे. त्याऐवजी चोचीत खडा धरून मडक्याच्या काठावर वाकलेला कावळा घ्या, ज्याचं पाणी अजून वर आलेलं नाही. बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, याला जमेल का? हा प्रश्न मनात आला की पुढची गोष्ट बघणारा स्वतःच रचतो.

हे मुलांच्या अंगवळणी पडावं म्हणून एक साधा खेळ घेते. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं आणि 'तेवढ्यात' या शब्दावर थांबायचं. "मुलगा फांदीला हात लावणार, तेवढ्यात." "आजी दाराची कडी काढणार, तेवढ्यात." पुढचं सांगायचं नाही. जिथे वाक्य थांबलं, तोच क्षण मातीत करायचा.

खेळाचा दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याला मी भरपूर वेळ देते. काही वाक्यं कानाला छान लागतात, पण मातीत करता येत नाहीत. "तिला एकदम आईची आठवण आली" हे कसं करणार? अशी वाक्यं फळ्यावर लिहायची आणि वर्गाने मिळून त्यांना अंग द्यायचं. आठवण आल्यावर माणूस काय करतो? चालता चालता थांबतो. हातातली वस्तू खाली ठेवायची विसरतो. मान थोडी कलते आणि नजर कशावरच नसते. आता ते वाक्य असं होतं: "बादली उचलून निघालेली मुलगी मध्येच थांबली, बादली हातातच राहिली." हे करता येतं. मनातलं क्रियापद काढून अंगातलं क्रियापद घालायचं, एवढंच आहे हे. पण ज्या मुलाला हे जमतं, त्याचं लिहिणंही सुधारलेलं मी पाहिलं आहे.

कागदावर रेखाटन करायला मी लहान मुलांना सांगत नाही. ती माती दाबता दाबता गोष्ट बदलत असतात. कुत्रा करायला घेतलेला असतो आणि पाय आखूड झाले म्हणून त्याचं कासव होतं. होऊ द्या. बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुलं मात्र रेखाटनाने सावरतात.

आधी स्वतःच्या अंगाने

माती हातात घेण्याआधी मूल स्वतः त्या स्थितीत उभं राहतं, बसतं किंवा वाकतं, आणि तसंच थिजून राहतं. बाकीचे भोवती फिरून बघतात. मी प्रश्न विचारते: भार कुठल्या पायावर आहे? खांदे एका रेषेत आहेत की एक वर गेलाय? बोटं आवळलेली आहेत की सैल? मग त्याच मुलाला म्हणते, "आता स्वतःच्या पाठीवरून हात फिरवून बघ, कुठे वाकली आहे." कमरेत वाकणं आणि खांद्यात वाकणं वेगळं असतं, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.

त्यानंतरचा सराव छोट्या गोळ्यांचा. प्रत्येकाला साधारण ५० ग्रॅमचे पाच गोळे. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच. गोळ्याला लांबट आकार देऊन तो फक्त वाकवायचा, दाबायचा किंवा पिळायचा आणि त्यातून पाच माणसं करायची: थकलेला, घाबरलेला, ऐटीत असलेला, कान देऊन ऐकणारा आणि 'नाही' म्हणणारा. कुठलं कोण ते सांगायचं नाही. शेजाऱ्याने ओळखायचं.

इथे हमखास एक गोष्ट घडते. थकलेला आणि घाबरलेला यांची अदलाबदल होते, कारण दोघेही वाकलेले असतात. उत्तर लगेच देऊ नका. दोन्ही गोळे शेजारी ठेवून मुलांना बघू द्या. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच की थकलेल्याचा भार पुढे आणि खाली सांडतो, घाबरलेल्याचा मागे ओढला जातो. थकलेल्याची मान लोंबते, घाबरलेल्याची खांद्यात शिरते. हे एकदा मुलाने स्वतः शोधलं की ते कायमचं त्याचं होतं.

एका गोळ्यातून

मुख्य आकृतीसाठी ३०० ते ४०० ग्रॅम माती पुरते. उंची दहा-बारा सेंटिमीटर ठेवा. याहून लहान केली तर बोटांना जागा उरत नाही, मोठी केली तर ती स्वतःच्या वजनाने बसते आणि मुलाचा सगळा वेळ तिला सावरण्यात जातो.

हातपाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढायला शिकवा. गोळा हातात धरायचा, डोक्यासाठी वरून थोडी माती चिमटीने वर ओढायची, खांद्यापासून हात बाहेर काढायचे, खालचा भाग दुभंगून पाय करायचे. असं केलं की आकृतीचं अंग सलग राहतं आणि वाकवताना ती सगळी मिळून वाकते. चिकटवलेले हात वाळताना गळून पडतात ते वेगळंच. पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे, की ते हात चिकटवल्यासारखेच दिसतात. त्यांचा पाठीशी काही संबंध नसतो.

उभी आकृती सुरुवातीला टाळा. ओल्या मातीचे बारीक पाय वरचा भार पेलत नाहीत. बसलेली, उकिडवी, टेकलेली, झोपलेली, ओझ्यावर रेललेली माणसं करा. कुणाला उभंच करायचं असेल तर घोळदार कपडे द्या, किंवा झाड, भिंत, काठी असा काहीतरी आधार द्या. तो आधारही गोष्टीतलाच असला पाहिजे. आत तार घालायचा मोह होतो. न वाळणाऱ्या तेलकट मातीत तार चालते. भाजायच्या मातीत घालू नका, कारण माती वाळताना आक्रसते आणि तार आक्रसत नाही, त्यामुळे तारेभोवती तडे जातात.

जिथे जोड द्यावाच लागतो तिथे तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. दोन्ही बाजूंवर टोकदार काडीने आडवेउभे ओरखडे काढायचे. मध्ये त्याच मातीचा दाट चिखल लावायचा आणि जरासं फिरवत दाबायचं. नुसतं पाणी लावलेला जोड त्या दिवशी धरतो आणि वाळल्यावर सुटतो. सांध्यावर मातीची बारीक वळी फिरवून ती बोटाने दोन्हीकडे सारवली की काम पक्कं.

मुलाच्या आकृतीला स्वतः हात लावू नका. काही दाखवायचं असेल तर स्वतःचा वेगळा गोळा घ्या, त्यावर दाखवा आणि तो मोडून टाका. शिक्षकाचं बोट एकदा आकृतीवर पडलं की मूल ती तुमची समजून तिथून पुढे तुमच्या तोंडाकडे बघत काम करतं.

दुसरी आकृती आली की

एकटी आकृती मनःस्थिती दाखवते. दोन आल्या की गोष्ट सुरू होते, म्हणून दुसऱ्या आकृतीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

एका मुलीने आई आणि लहान मुलगी केली होती. आई बसलेली, मुलगी तिच्या कुशीला लागलेली. आकार चांगले होते, पण ती म्हणाली, "ताई, मला यात भांडण दाखवायचंय आणि ते दिसत नाही." मी म्हटलं, "काही नवीन करू नकोस, फक्त सरकवून बघ." तिने लहानी उचलून दोन बोटं लांब ठेवली. थोडा वेळ बघितलं. मग लहानीला वळवून तिची पाठ आईकडे केली. आता ते रुसणं झालं होतं. शेवटी तिने आईच्या मांडीवरचा हात हळूच उचलून लहानीच्या दिशेने अर्धवट पुढे केला आणि पोचायच्या आत थांबवला. तो हात आणि ती पाठ, यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली. आजूबाजूची मुलं आपापलं काम टाकून बघायला आली. चेहरे तेव्हाही कोरेच होते.

म्हणून पाटावर आकृत्या चिकटवण्याआधी त्या सरकवण्याचा खेळ घ्याच. त्याच दोन आकृत्या अगदी जवळ, हातभर दूर, पाठीला पाठ, एक उंचावर एक खाली, अशा ठेवून दर वेळी वर्गाला विचारा, "आता काय चाललंय?" दर वेळी वेगळी गोष्ट ऐकू येते.

नजर जुळते का ते तपासायला एक सोपी युक्ती आहे. नाकाच्या जागी दात कोरायची काडी तात्पुरती टोचा. ती कुठे रोखलेली आहे ते बघा. मुलाला वाटत असतं की राजा शिपायाकडे बघतोय, पण काडी शिपायाच्या डोक्यावरून आभाळाकडे गेलेली असते. डोकं जरासं खाली दाबलं, वळवलं की नजर जागेवर येते. काडी काढून भोक बुजवून टाका.

दोन आकृत्यांचं एक फार जुनं उदाहरण मी मुलांना चित्रातून दाखवते. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ३३०-३०० च्या सुमाराची, भाजलेल्या मातीची दोन स्त्रियांची जोडी आहे. दोघी समोरासमोर खाली बसून सागरगोट्यांसारखा हाडकांचा खेळ खेळताहेत. मी मुलांना त्या दोघींच्या मधल्या जमिनीकडे बघायला सांगते. दोघींची अंगं त्या जागेकडे झुकलेली आहेत, म्हणून आपणही तिथेच बघत राहतो.

लहानमोठेपणाचं असंच. मुलं माणसांची मापं खरी ठेवायला धडपडतात, पण गोष्टीत ती खरी असायची गरज नसते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या कोचिती प्वेब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या हेलन कॉर्डेरो यांनी १९६४ मध्ये आपल्या आजोबांच्या आठवणीतून एक मातीची आकृती केली: गोष्ट सांगणारा आजोबा आणि त्याच्या अंगावर चढून बसलेली चिमुकली नातवंडं. त्यांच्याकडे मूल घेतलेल्या बाईची आकृती करायची रीत आधीपासून होती. कॉर्डेरोंनी बाईच्या जागी आजोबा आणला आणि एकाऐवजी अनेक मुलं. आजोबाचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. मुलं मापाने फारच लहान आहेत, पण ती लहान असल्यामुळेच आजोबा सगळ्यांना पुरणारा वाटतो. पुढे ही आकृती इतकी रुजली की इतर प्वेब्लो कुंभारांनीही आपापल्या पद्धतीने ती घडवायला घेतली. हे उदाहरण दाखवल्यावर मुलं मापाशी बिनधास्त खेळायला लागतात. कुणी परीक्षेचा कागद टेबलापेक्षा मोठा करतं, कुणी रागावलेल्या माणसाचे फक्त हात मोठे करतं.

वस्तू मात्र एकच द्या. बादली, चप्पल, पत्र, काठी, जे काही असेल ते एक. दोन वस्तू झाल्या की मुलं सामान करत सुटतात आणि माणसं मागे पडतात.

चेहऱ्यावरची बंदी मी इथे उठवते. गंमत म्हणजे तोवर बऱ्याच मुलांना तो नकोसा झालेला असतो. ज्यांना हवा असतो ती एक खोलगट बोटाची खूण, नाकाची एक चिमूट, एवढ्यावर थांबतात.

बघण्याचा तास

काम निम्मं झालं की सगळ्या आकृत्या एका टेबलावर ठेवायच्या, पूर्ण झाल्यावर नाही. ओली माती असताना बदल करता येतो. एकेका शिल्पाभोवती सगळे फिरतात आणि काय दिसतंय ते बोलतात. करणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं. हा नियम कडक पाळा, कारण मुलाला लगेच खुलासा करायची घाई असते. "छान आहे" हा शब्द त्या तासाला बाद. त्याऐवजी "मला असं दिसतंय की…" अशी सुरुवात करायची. ऐकून झाल्यावर करणाऱ्याने ठरवायचं की लोकांना दिसलेली गोष्ट त्याला चालते का. चालत नसेल तर त्याने एकच बदल करायचा.

शिल्प मागून बघायची सवय इथेच लावा. पाटाखाली फिरकी असेल तर उत्तम, नसेल तर पाट हाताने फिरवा. पाठीमागून बघितल्यावर काही कळत नसेल तर अजून काम बाकी आहे. बघताना डोळे आकृतीच्या पातळीवर आणायचे. वरून सगळीच बाहुली दिसतात.

वाळवणं आणि भाजणं

इथे घाई केली की मुलांचं काम मोडतं, त्यामुळे हा भाग नीट करा.

जिथे मातीची जाडी अंगठ्यापेक्षा जास्त असेल तिथे आतून पोकळ करावं लागतं. आकृती निम्मी वाळली, म्हणजे आकार धरून राहते पण नखाने खूण उमटते, की ती तळाकडून तारेच्या कोरणीने कोरा. तळ बंद असेल तर बारीक तारेने मधून कापून दोन्ही अर्धे कोरा, जोडाला ओरखडे आणि चिखल लावून पुन्हा मिटवा. आत पोकळी बंद राहत असेल तर न दिसणाऱ्या जागी एक भोक ठेवा.

भट्टीत आकृती फुटते ती बहुधा आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. १०० अंश सेल्सियसला त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि माती उडते. हवेच्या बुडबुड्याला उगाच दोष दिला जातो. जाड मातीत ओल टिकते, म्हणून जाडीचं एवढं सांगते.

वाळवताना पहिल्या दिवशी आकृती प्लॅस्टिकखाली सैल झाकून ठेवा, बोटं, कान, काठी अशा बारीक भागांवर प्लॅस्टिकचा वेगळा तुकडा गुंडाळा. ते आधी वाळले तर अंगाच्या आधी आक्रसतात आणि मुळाशी तडकतात. मग हळूहळू उघडं करत जा. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका. आठवडाभर तरी द्या, दमट हवेत त्याहून जास्त. वाळली की नाही ते गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. पूर्ण वाळलेली आकृती सगळ्यात ठिसूळ असते, तेव्हा तिला हातांनी न धरता पाटासकट उचला.

पहिली भाजणी साधारण १००० अंशांच्या आसपास होते. १०० अंशांपर्यंत तापमान अगदी सावकाश चढवायचं. ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणीही निघून जातं आणि मग ती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. भट्टी नसेल तर हवेत वाळणारी माती वापरा, किंवा साधी माती न भाजताच ठेवा. न भाजलेली माती भिजवून पुन्हा वापरता येते आणि सरावाच्या कामासाठी तेच योग्य आहे.

आवरताना सुकलेली धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना वाईट. वाळलेली आकृती पॉलिश पेपरने घासायला मुलांना देऊ नका. हात आणि हत्यारं आधी बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. सिंकमध्ये गेलेली माती नळी तुंबवते.

रंग देण्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या कामाला रंग नको. लागलाच तर मातीच्या रंगाचा एकच हात द्या आणि ओल्या स्पंजने उंचवटे पुसून घ्या. खाचांत रंग राहतो आणि बोटांचे ठसे उठून दिसतात.

शेवटी मी प्रत्येकाला कागद देते आणि आपल्या शिल्पाबद्दल चार-पाच ओळी लिहायला सांगते. अट एकच, जे मातीत दिसतंय ते लिहायचं नाही. आई बसली आहे, मुलगी रुसली आहे, हे दिसतंच. मुलगी रुसण्याआधी घरात काय झालं होतं आणि तो हात पोचला का, एवढंच लिहायचं.